आम्ल पेये आणि जठर

लिंबाच्या वा कोकमाच्या सरबताने पोटातील आम्ल वाढते, ही घरोघर ऐकू येणारी तक्रार मला अर्धीच खरी वाटते. कारण विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ मध्ये ज्याचे अस्तित्व सिद्ध केले, ते जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल लिंबाच्या रसाहूनही प्रखर असून श्लेष्मल आवरणामुळे निरोगी जठरास त्याची इजा पोहोचत नाही. खरा धोका अन्ननलिकेस आहे. तिला तसे कवच नाही, आणि तिच्या तळाचा झडपेसारखा स्नायू शिथिल झाला की जठररस वर चढून छातीत जळजळ होते. अशा दाहलेल्या अन्ननलिकेस आंबट पेय बहुधा झोंबते. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी ते निजण्यापूर्वी घेऊ नये, आणि जळजळ हटत नसेल तर वैद्यकीय सल्ल्यास विलंब लावू नये.