तागाची जमा, फुलकोबीचा खर्च

भोपाळ, सिहोर, रायसेन आणि विदिशा या मुलखातील काळी जमीन गव्हासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे. परंतु त्या गव्हासाठी तिला पूर्वी एक अख्खा पावसाळा रिकामा घालवावा लागे. सोयाबीनने १९७० नंतर हा प्रदेश व्यापला, त्यापूर्वी मृगापासून हस्तापर्यंत शेते पडीक ठेवावयाची, उघडीप मिळेल तेव्हा वखर फिरवून तण मारावयाचे आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीची पेरणी करावयाची, असा तेथील सर्वसाधारण रिवाज होता. ओल राखण्याच्या दृष्टीने ही वहिवाट शहाणपणाची खरी, पण नत्राच्या दृष्टीने ती खर्चिक होती. उन्हाळ्यात तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडताच सूक्ष्मजंतू जागे होतात आणि सेंद्रिय द्रव्याचे विघटन करून नायट्रेट मोकळे करतात. हे नायट्रेट ऋणभारित असते आणि चिकणमातीचे कणही ऋणभारितच असल्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. शोषून घेण्यास मुळे नसली, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १,१०० मिलिमीटर पडणाऱ्या आणि बहुतांशी चार महिन्यांतच कोसळणाऱ्या पावसाबरोबर ते खोल झिरपते, किंवा पाणी तुंबून प्राणवायू संपलेल्या मातीत काही जीवाणू त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करतात.

ही गळती थांबविण्याचा उपाय याच भूमीत फार जुना आहे. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात, झाडे लावण्यापूर्वी जमिनीत तीळ पेरावेत आणि ते फुलले म्हणजे तेथेच मोडून टाकावेत, असे सांगितले आहे. तीळ हे काही शिंबावर्गातील पीक नव्हे; हवेतील नत्राचा कणही ते जमिनीत आणीत नाही. मातीत मोकळा झालेला नत्र उचलून आपल्या पानाखोडांत अडकवून ठेवणे आणि कुजल्यावर परत करणे, एवढेच त्याचे कार्य. बाहेरून नवा नत्र कसा येतो, हे उमगण्यास जर्मनीतील हेलरीगेल आणि विल्फार्थ यांचे १८८६ ते १८८८ या काळातील प्रयोग आणि १८८८ मध्येच हॉलंडच्या बायेरिंकने मुळांवरील गाठींतून वेगळे केलेले जीवाणू यांची वाट पाहावी लागली.

प्रत्येक हेक्टरावर उभ्या असलेल्या हवेत सुमारे ७८ हजार टन नत्र असतो, आणि त्याच्याखाली उभी असलेली फुलकोबी नत्रावाचून पिवळी पडते, हा सृष्टीतील एक विलक्षण विरोधाभास होय. नत्राचे दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात, की तो बंध तोडण्यासाठी युरियाच्या कारखान्यात प्रचंड दाब आणि शेकडो अंशांचे तापमान योजावे लागते; तागाच्या मुळावरील गाठ मात्र हेच काम मातीच्या सामान्य उष्णतेत करते. त्यासाठी लागणारे विकर प्राणवायूच्या स्पर्शाने निकामी होत असल्यामुळे, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनाच्या कुळातलेच एक द्रव्य तेथे प्राणवायूचे नियमन करते. गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, हिरवट वा करडी असेल तर थांबले आहे.

येथे एका प्रचलित समजुतीची झडती घेणे भाग आहे. सोयाबीन द्विदल आहे, तेव्हा त्याचा बेवड आपोआप नत्र देतो, असे सर्रास बोलले जाते. परंतु त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक नत्र असतो. हेक्टरी दीड टन दाणा बाजारात गेला, की त्याबरोबर नव्वदेक किलो नत्रही जातो. गाठींनी जमा केलेली बहुतेक रक्कम पोत्यांतून खर्ची पडते, आणि शेताच्या खात्यावर शिल्लक राहते ती मुळे व गळलेली पाने एवढीच. नत्र भाजीला मिळावयाचा असेल, तर दाणा धरण्यापूर्वीच सगळे पीक जमिनीत गेले पाहिजे.

म्हणूनच ताग किंवा धैंचा. हेक्टरी ५० ते ६० किलो बियाणे दाट पेरलेला ताग पन्नासेक दिवसांत फुलोऱ्यास येतो; तेव्हा तो गाडल्यास साधारणतः १५ ते २० टन हिरवा पाला आणि त्यातून ६० ते ९० किलो नत्र मातीत पडतो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असतो, म्हणजे ही बेगमी तीन-चार गोण्यांची झाली. पुढच्या पिकाला त्यातला साधारण निम्माच लागू होतो. फुलकोबीची गरज हेक्टरी १२० किलोंच्या वर असल्याने वरखत पूर्णपणे बंद करण्याच्या गप्पा कोणी करू नयेत. त्यात कपात करणे मात्र शक्य आहे.

खरा प्रश्न मुदतीचा आहे. कोवळ्या तागात कर्ब नत्राच्या वीसपटीच्या आसपास असतो, म्हणून तो लवकर कुजतो. खोड जून होऊन हे प्रमाण तिसांच्या वर गेले, की कुजविणारे जीवाणूच मातीतला नत्र स्वतःसाठी उचलतात आणि रोपे उपाशी राहतात. उलट फार लवकर गाडावे, तर मोकळे झालेले नायट्रेट भाद्रपदाच्या सरींबरोबर निसटते. भोपाळकडे पुनर्वसूत पेरलेला ताग पूर्वांच्या उघडिपीत गाडून हस्तात फुलकोबीचे रोप लावावे, हा मेळ बरा बसतो. धैंचा पाणथळ सोसतो, ताग सोसत नाही. तेव्हा सखल तुकड्यात धैंचाच घ्यावा.

भोपाळला बैरसिया मार्गावरील नबीबाग येथे भारतीय मृदा विज्ञान संस्थान १९८८ पासून आहे, आणि देशभरातील दीर्घकालीन खतप्रयोगांचे सूत्रसंचालन तेथून चालते. निव्वळ नत्रखतावर जमीन राबविल्यास उत्पन्न कालांतराने घसरते, आणि समतोल खतांना शेणखताची जोड दिल्यास ते टिकते, हे या प्रयोगांतून पुनःपुन्हा दिसून आले आहे. शेजारच्या इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांना मात्र हिरवळीच्या खताविषयी शंका होती. कुजविणे आणि पीक पोसणे ही दोन्ही कामे एकाच मातीवर लादू नयेत, असे त्यांचे मत; यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ च्या ग्रंथात मांडलेली कंपोस्टाची इंदूर पद्धती हे त्यावरचे उत्तर होते. शंका निराधार नाही: पाणी साचलेल्या काळ्या रानात हवेवाचून ताग कुजत नाही, नासतो. पण खड्ड्यात भरावयास शेण आणि पाला हवा, राबावयास माणसे हवीत, आणि शहराला लागून भाजी करणाऱ्याजवळ हल्ली जनावरेच उरलेली नाहीत.

त्याची खरी अडचण निराळी आहे. पावसाळ्यातील भेंडी-दोडक्याचा रोख पैसा सोडून जमीन पन्नास दिवस तागाला द्यावयाची, तर सगळे रान एकदम न देता दरसाल एक तृतीयांश देणे परवडते. बियाणेही ऐन पेरणीच्या वेळी हाती असेलच असे नाही. ते घरचे हवे असल्यास बांधाकडेची एक पट्टी न गाडता राखावी. तिच्या शेंगा वाळून खुळखुळू लागण्यास हिवाळा उजाडतो, आणि तोवर त्या पट्टीत दुसरे काही लावता येत नाही.