शोभेची वस्तू की शस्त्र?

स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत १९९६ साली सोळा बालके व त्यांची शिक्षिका गोळीबारास बळी पडली आणि १९९७ साली ब्रिटनने पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरे मात्र, केवळ शोभेची वा कुतूहलाची वस्तू म्हणून बाळगल्यास, परवान्यावाचून घरी ठेवता येत राहिली. नेमबाजीसाठी ही सवलत नाही. गोळी झाडायचा हेतू आला की परवाना आलाच. गंमत अशी की, हे ‘जुनेपण’ निव्वळ शस्त्राच्या वयावरून ठरत नाही. त्याचे काडतूस कालबाह्य झाले असावे लागते. पूरक वस्तूंचे याहून बोलके उदाहरण मला वर्गात अद्याप देता आलेले नाही.

पण मागणी असली की पुरवठा निघतोच. कालबाह्य काडतुसे हाताने घडवली जाऊ लागली आणि ही रिव्हॉल्व्हरे गुन्ह्यांत सापडू लागली. म्हणून २०२१ साली सरकारने सात प्रकारची काडतुसे सवलतीच्या यादीतून वगळली. फ्रान्सच्या १८७३ च्या लष्करी रिव्हॉल्व्हरचे काडतूस त्यांत होते. कपाटातली वस्तू तीच राहिली, पण तिच्या मालकाला परवाना मागणे भाग पडले. त्या प्रामाणिक संग्राहकाची तक्रार पोकळ नाही. तरीही हा भुर्दंड त्यानेच सोसावा, असे मला वाटते. रस्त्यावरून जाणाऱ्याने तर हा छंद निवडलेला नव्हता.