पावसाचा दिवस डेटाबेसला कसा सांगायचा?

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी! पण हवामान विभागाच्या दैनंदिन नोंदींत हा आकडा २७ जुलैच्या तारखेला दिसतो. त्यात काही गडबड नाही. विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस संपण्याच्या तारखेवर मांडला जातो.

आता समजा, स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या दर १५ मिनिटांच्या नोंदी तुमच्याकडे पोस्टग्रेसमध्ये आहेत. तारखेनुसार ग्रुप बाय लावलं, बेरीज घेतली, क्वेरी बिनतक्रार चालली. पण तिने दिवस कुठे तोडला?

कॉलम 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' प्रकारचा असेल तर नावावर जाऊ नका. आत फक्त यूटीसीतला क्षण साठवला जातो, झोन नाही. त्याची तारीख काढताना चालू सेशनचा झोन वापरला जातो. सेशन यूटीसीत असेल तर दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, भारतीय वेळेत असेल तर मध्यरात्री. म्हणजे लॅबच्या सर्व्हरवर एक उत्तर, तुमच्या लॅपटॉपवर दुसरं. आणि साडेआठ दोन्हीकडे नाहीच!

मग करायचं काय?

१. 'ॲट टाइम झोन' वापरून वेळ स्पष्टपणे आशिया/कोलकातामध्ये आणा.
२. त्यातून ८ तास ३० मिनिटांचा इंटरव्हल वजा करा.
३. तारीख काढा आणि त्यात १ मिळवा.

पडताळून बघा: २६ जुलै दुपारी २:३० मधून साडेआठ तास गेले की सकाळचे ६, तारीख २६, अधिक १ म्हणजे २७. बरोबर.

पण ठीक ८:३० ची नोंद? वेळ जर १५ मिनिटांच्या शेवटाची असेल, तर तो पाऊस संपलेल्या दिवसाचा आहे; आपली क्वेरी मात्र त्याला पुढच्या दिवसात ढकलेल. अशा वेळी आधी १५ मिनिटं वजा करा.

एवढा कीस का पाडायचा? कारण पुराच्या किंवा रुग्णांच्या नोंदी साध्या कॅलेंडरने असतात. दोन टेबलं तारखेवर जोडली की एका दिवसाचा लॅग सरकतो, आणि तो निसर्गातला आहे असं समजून आपण त्यावर परिच्छेद लिहितो.

म्हणून थिसिसच्या पद्धती प्रकरणात तीन गोष्टी लिहाच: झोन कोणता, दिवस किती वाजता तोडला, आणि नोंदीची वेळ सुरुवातीची की शेवटाची.