अंतराळ-स्मृतिवस्तूंचा संग्रह

अंतराळ मोहिमांशी संबंधित वस्तू मिळवणे, त्यांची खातरजमा करणे आणि त्या चौकटीत बसवून जतन करणे, या छंदास अंतराळ-स्मृतिवस्तूंचा संग्रह असे म्हणतात. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतील वस्तूंना यात विशेष मान आहे. वस्तू प्रत्यक्ष अंतराळात जाऊन आली का आणि तसे सिद्ध करता येते का, यावर तिचे मोल मुख्यतः ठरते.

स्वरूप

अंतराळवीर आपल्यासोबत लहान ध्वज, मोहिमेची कापडी बोधचिन्हे व पदके नेत असत. परतल्यावर यांपैकी काही वस्तू प्रमाणपत्र व स्वाक्षऱ्यांसह चौकटीत बसवून भेट दिल्या जात. अपोलो ११ व अपोलो १७ या मोहिमांनंतर अमेरिकेने अनेक देशांना त्यांचा अंतराळात नेलेला ध्वज आणि चांद्रखडकाचे अंश असलेले स्मृतिफलक भेट दिले.

अंतराळवीरांनी उड्डाणापूर्वी स्वाक्षरी करून कुटुंबीयांकडे ठेवलेली पाकिटेही संग्राह्य मानली जातात. आपण परतलो नाही, तर ती विकून घरच्यांना आधार मिळावा, हा त्यामागील हेतू होता. ही पाकिटे अंतराळात गेलेली नाहीत.

सत्यता

अंतराळवीरांच्या अनेक स्वाक्षऱ्या यंत्राने केलेल्या असून बनावट स्वाक्षऱ्याही आढळतात. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ पासून स्वाक्षरी देणे बंद केले. त्यामुळे वस्तूसोबतचे अंतराळवीराचे पत्र आणि पूर्वीच्या मालकांची नोंद यांना महत्त्व येते.

मालकी व वाद

अपोलो १५ (१९७१) च्या अंतराळवीरांनी सुमारे ४०० पाकिटे परवानगीविना चंद्रावर नेली. त्यांपैकी १०० पाकिटे युरोपातील एका व्यापाऱ्याकडे गेली. प्रकरण उघड झाल्यावर अंतराळवीरांवर शिस्तभंगाची कारवाई झाली.

अपोलो ११ मध्ये चंद्रावरील माती ठेवलेली एक पिशवी ओळख न पटल्याने २०१५ साली सरकारी लिलावात ९९५ डॉलरला विकली गेली. न्यायालयाने तिची मालकी खरेदीदाराकडे कायम ठेवली. २०१७ साली न्यूयॉर्कमधील लिलावात तिला सुमारे १८ लाख डॉलर मिळाले.

२०१२ च्या अमेरिकी कायद्याने मर्क्युरी, जेमिनी व अपोलो काळातील अंतराळवीरांकडे असलेल्या स्मृतिवस्तूंवरील त्यांची मालकी मान्य केली. चांद्रखडक मात्र त्यातून वगळले. होंडुरासला भेट मिळालेला चांद्रखडक विक्रीस आला असता १९९८ साली अमेरिकी अधिकाऱ्यांनी जप्त केला. पुढे तो त्या देशाला परत देण्यात आला.

जतन

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे शाई व कापड फिके पडते. म्हणून चौकटीस अतिनील किरण रोखणारी काच आणि आम्लरहित पुठ्ठा वापरतात. मूळ वस्तूस गोंद लावत नाहीत. ती काचेला टेकणार नाही एवढे अंतर ठेवतात.