मागील पानावरून पुढे

पाडव्याला रविवार पेठेतल्या एखाद्या जुन्या पेढीवर जाऊन पाहा. नव्या वहीला हळदकुंकू लागते, पहिल्या पानावर 'श्री' उमटतो. पण गेल्या सालची बाकी काही पुसली जात नाही. ती नव्या वहीत उतरवून घ्यावीच लागते.

आमच्या भाच्याला ही साधी गोष्ट पटायला मात्र एक नापासाचा निकाल लागला.

सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. तिची परीक्षा कठीण, हे घरोघरी ठाऊक आहे. पण तिचा हिशेब थोड्यांनाच ठाऊक असतो. अंतिम परीक्षेत तीन-तीन विषयांचे दोन गट. प्रत्येक विषयात किमान ४० गुण हवेत, शिवाय गटाच्या ३०० पैकी १५०. भाच्याला पडले ५२, ४८ आणि ४६. तिन्ही विषयांत पास. पण बेरीज १४६! चार गुणांसाठी अख्खा गट गेला. ताईच्या करंज्या डब्यातच राहिल्या.

"मामा, आता पुस्तक उघडवतच नाही," तो म्हणाला.

"नको उघडूस. आधी गुणपत्रिका उघड."

आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. हा पठ्ठ्या कच्च्या विषयाच्या धास्तीने रात्री जागला होता आणि पक्क्या विषयाला त्याने गृहीत धरले होते. त्यात ५२ ऐवजी ५६ मिळते, तर गट सुटला असता. ६० मिळते, तर बाकीच्या विषयांपायी गट गेला असता तरीही पुढच्या तीन खेपांना त्या विषयातून सूट मिळाली असती. म्हणजे कमाई बुडाली नसती, बाकी पुढे ओढता आली असती.

दुसऱ्या दिवसापासून त्याने उमेद येण्याची वाट पाहणे सोडले. कचेरीत जाण्यापूर्वी सकाळी दोन तास सदाशिव पेठेतली अभ्यासिका. रविवारी घड्याळ लावून तीन तासांची पूर्ण प्रश्नपत्रिका. रात्री वहीत 'किती तास बसलो' हे लिहायचे नाही. किती गणिते न पाहता सुटली, तेवढेच लिहायचे. रोजचा आकडा थोडा वाढलेला दिसला, की दुसऱ्या दिवशी पाय आपोआप अभ्यासिकेकडे वळतात. ताईनेही एक पथ्य पाळले: "झाला का अभ्यास?" हा प्रश्न जेवणाच्या पानावर विचारायचा नाही.

निकाल अजून दूर आहे. पण परवा त्याची वही सहज चाळली. पहिल्या पानावर 'श्री', आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: 'मागील जमा १४६. येणे बाकी ४.'

डब्यातल्या करंज्याही आता संपल्या आहेत.