जंतूंचा आहार

आपल्या बालाघाटकडील भातावर करपा पडतो, तो एका बुरशीमुळे. वर्षाची मेहनत पाहता पाहता वाळून जाते. अशा बुरशींचे वैरी मातीतच राहतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६४ च्या सुमारास मातीतील स्ट्रेप्टोमायसीस वर्गाच्या जंतूपासून 'ऑरिओफंजिन' हे पिकांसाठी उपयोगी बुरशीनाशक मिळविले. पण जंतू सापडला म्हणजे औषध हाती आले, असे नव्हे. त्याला साखर वा पिष्ट, सोयाबीनची पेंड, क्षार असे पातळ अन्न द्यावे लागते. गंमत अशी की, चंगळ झाली की तो नुसताच फोफावतो! औषध बहुधा वाढ मंदावल्यावरच तयार होते. काही जंतूंच्या अन्नात फॉस्फेट जास्त झाले तरी ते घटते. म्हणून संशोधक एकेक घटक कमीजास्त करून चंबूमागून चंबू तपासतात, आणि मगच मोठ्या टाक्या भरतात.