कोरोनात अडलेलं डॉक्टरांचं संशोधन आणि आपली सही

अर्धापूरहून नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात गेलं की आपल्याला तपासणारे बरेच तरुण डॉक्टर एमडी-एमएस शिकणारे निवासी असतात. तीन वर्षांत त्यांना एक प्रबंधही लिहावा लागतो. त्यातले पेशंट कोण? आपणच.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि राज्यभर हे काम कोलमडलं. हाडांचे, डोळ्यांचे डॉक्टरही कोविड वॉर्डात लागले. ठरवून करायची ऑपरेशनं पुढे गेली. एसटी बंद, मग मोतीबिंदू काढलेली आजी पुन्हा तपासायला येणार कशी? शंभर पेशंट पाहायचे ठरवून चाळीसच आले, तर निघालेलं उत्तर कच्चं राहतं. काहींनी विषयच बदलला, काहींनी जुन्या केसपेपरांवर भागवलं. त्यात पीजीची 2021 ची प्रवेश परीक्षा एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली. नवी तुकडी यायला 2022 उजाडलं. तोवर सगळा भार आधीच्यांवर.

त्या पोरांना दोष देणार नाही, पीपीई घालून त्यांनी रात्री काढल्या. पण संशोधन नीट न शिकलेल्या डॉक्टरला नव्या औषधाचा दावा खरा की खोटा हे पारखणं जड जातं. नुकसान शेवटी आपलंच.

म्हणून अभ्यासासाठी सही मागितली तर घाबरू नका, पण विचारा: कशासाठी? रक्त जास्तीचं घेणार का? माहितीचा कागद मराठीत मागा. अभ्यासासाठीच्या तपासणीचा खर्च तुमच्यावर येत नाही. नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. मधेच बाहेरही पडता येतं. हो म्हटलंत, तर पुढची तारीख चुकवू नका.